दुसऱ्या फोनचा फिल्टर

१

माहितीपत्रकं लिहिणं हा माझा धंदा. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, पाण्याचे पंप. कंपनीकडून अगम्य मजकूर येतो, मी तो माणसांच्या भाषेत आणतो. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक तक्ता असतो: तक्रार, संभाव्य कारण, उपाय. घरात काही बिघडलं की माझं डोकं आपोआप याच तीन रकान्यांत चालायला लागतं. त्यावरून बायको मला टोमणे मारायची. आपलं भांडण झालं तरी तुम्ही आधी प्लग नीट बसलाय का बघाल, म्हणायची.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि तिची खोली मी कामाला घेतली. तिचा पलंग मोडून माळ्यावर टाकला, खिडकीपाशी टेबल लावलं. घरातला फोन आधीपासून याच खोलीत होता, कारण तो सगळ्यात जास्त तीच वापरायची. आम्ही तिला रेडिओ म्हणत असू. सकाळी लागला की रात्रीपर्यंत बंद नाही. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की नळाची तोटी कुठली गळते ते बसल्या जागी कळायचं.

मोठ्या फायली यायला लागल्या तेव्हा मी टेलिफोनच्या तारेवरून चालणारं वेगवान इंटरनेट घ्यायचं ठरवलं. कंपनीचा माणूस भर दुपारी आला. दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागेल इतका उंच, आणि बोलका. त्याने समजावलं की तार एकच, पण तिच्यावरून आता बोलणंही जाणार आणि इंटरनेटही. दोघांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून फोनच्या मागे एक छोटी पांढरी डबी लावायची, तिला फिल्टर म्हणतात. घरात जितके फोन तितके फिल्टर. एखादा फोन फिल्टरशिवाय राहिला, तर त्याचा रिसीव्हर उचलला की इंटरनेट बसलंच. फिल्टर हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की तो जायच्या आधीच बायकोने त्याचं तेच नाव ठेवून टाकलं.

मोडेम लागला. त्यावरचा हिरवा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. फिल्टरने तारेला आपलं यंत्र लावून पाहिलं आणि विचारलं, दुसरा फोन कुठे आहे?

दुसरा फोन नाही, मी म्हणालो. त्याने यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. लाइनवर दोन फोन दाखवतंय, म्हणाला. मग सवयीने त्याने सगळं घर पाहिलं. घर ते केवढं: बाहेरची खोली, आमची खोली, ही खोली, स्वयंपाकघर आणि मध्ये एक चिंचोळा पॅसेज. त्याने फ्रिजच्या मागेसुद्धा डोकावून पाहिलं. आधीच्या भाडेकरूंनी याच तारेवर दुसरा, पॅरलल फोन टाकलेला असेल, असा निष्कर्ष त्याने काढला. आधीचे भाडेकरू कोणी नव्हतेच, हे घर आम्ही कोरं घेतलं होतं. पण त्याला पुढच्या घरी जायचं होतं. जाताना त्याने आणखी एक फिल्टर शेल्फवर ठेवला.

"सापडला की लावा," तो म्हणाला.

२

इंटरनेट फार छान चाललं. फक्त दुपारी जायचं.

जेवणं आटोपून बायको पडायची, मी कामाला बसायचो, आणि दिवा विझायचा. एखादं बोलणं चालावं इतका वेळ विझलेला राहायचा आणि मग आपोआप यायचा. मी कंपनीला फोन केला. तिथल्या ताईंनी मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं. अशी वाक्यं मी स्वतः लिहितो, त्यामुळे ती ऐकून मला काही राग आला नाही. मी बंद करून चालू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा पुन्हा गेला.

तक्रार: रोज ठरावीक वेळी संपर्क तुटतो. संभाव्य कारण: कोणीतरी फोन उचलतं. हे दुसरं वाक्य मी मनात लिहिलं आणि पुसलं. पण पुढच्या वेळी दिवा गेल्यावर, कारण खोटं ठरवायचं म्हणून, मी आमचा रिसीव्हर उचलून कानाला लावला.

डायल टोन नव्हता. घरात पॅरलल फोन असलेल्यांना हा आवाज माहीत असेल. दुसऱ्या खोलीत कोणी आधीच रिसीव्हर उचललेला असला की त्या खोलीचा पोकळ आवाज आपल्या कानात येतो. तसाच होता. त्यात एक पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला किंचित अडखळत होता. मी मान वर करून आमच्या पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता. मी हॅलो म्हणालो. पलीकडे कोणीतरी अगदी हळू, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने, रिसीव्हर खाली ठेवला. डायल टोन आला, आणि थोड्या वेळाने दिवाही लागला.

मी बायकोला उठवून विचारलं, तू आत्ता फोन उचललास का. ती म्हणाली, फोन तुमच्या नाकासमोर आहे. बरोबरच होतं.

क्रॉस कनेक्शन, मी ठरवलं. खाली रस्त्यावरच्या डब्यात शेकडो तारा असतात, एखादी चुकीच्या पेचात गेली की झालं. हे कारण मला पटलं होतं. फक्त ते पटल्यावरही मी दुपारी खोलीचं दार उघडं ठेवून बसायला लागलो.

३

रविवारी लेकीचा फोन आला. आधी दहा गोष्टी सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली की परवा आईशी बोलल्यापासून तिचं मन बदललंय आणि ती नोकरी सोडून घरी येतेय.

मला इतका आनंद झाला की वाक्याचा पहिला भाग माझ्या डोक्यात शिरलाच नाही. तिचं तिथे काही धड चाललं नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. पण घरी ये म्हटलं की ती विषय बदलायची. आता माझी खोली कुठे आहे, असं एकदा हसत म्हणाली होती. ते मला लागलं होतं. मी फोन बायकोच्या हातात दिला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. परवा तिचं लेकीशी बोलणं झालंच नव्हतं.

मी पुन्हा फोन घेतला आणि आई नक्की काय म्हणाली ते विचारलं.

"अहो बाबा, तुम्हालाच विचारायचं होतं. खरंच माझी खोली लावलीत? आई म्हणाली, तुझी खोली तयार आहे. खिडकीपाशी पलंग लावलाय. ये तू."

मी खिडकीपाशी पाहिलं. तिथे माझं टेबल होतं, टेबलावर मोडेम आणि त्याच्या बाजूला पाण्याच्या पंपाचं अर्धवट पत्रक.

मी तिला सांगितलं की आमच्या लाइनमध्ये बिघाड आहे, दुसरंच कोणीतरी मध्ये फोन उचलतं आणि चेष्टा करतं. आमच्या नंबरवर कोणी काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस. ती खदखदून हसली.

"मग आत्ता मी कोणाशी बोलतेय?"

ती म्हणाली की आईचा आवाज तिला झोपेतही ओळखता येईल, तो आईचाच होता, फक्त थोडा थकलेला वाटला. आणि आता राजीनामा दिलाय, त्यामुळे खोली असो वा नसो, ती पुढच्या शुक्रवारी येणार. पॅसेजमध्ये झोपेन, म्हणाली.

त्या रात्री बायको मला एवढंच म्हणाली, "ती यायच्या आत ते काढून टाका. जे काय आहे ते."

४

फिल्टर पुन्हा आला. या वेळी त्याने तार धरून घरभर माग काढला. जिन्यात आमच्या दाराबाहेर एक जोडणीची डबी आहे. तिथून तार आत येते, पॅसेजच्या भिंतीवरून कपाटामागे जाते आणि पलीकडे निघून लेकीच्या खोलीत शिरते. कपाट जड आणि भिंतीला ठोकलेलं. त्याने फटीत टॉर्च मारला, आणि मग मला बघायला बोलावलं.

कपाटामागे तारा दोन होत्या. एक आमची. दुसरी तिच्याच रंगाची, भिंतीबरोबर रंगवली गेलेली, आणि ती मध्येच भिंतीत शिरत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, फिल्टर खुशीत म्हणाला. पलीकडे काय आहे, त्याने विचारलं. पलीकडे काही नाही. पलीकडे जिना आहे. आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. जिन्यातली भिंत कोरी होती. एका बाजूने तार आत गेलेली, दुसऱ्या बाजूने आलेली नाही, आणि मध्ये वीतभर जाडीची वीट.

मी फटीत हात घालून तार ओढून पाहिली. ती थोडी सैल होऊन बाहेर आली. मी ती तशीच बोटांत धरून फिल्टरला काहीतरी विचारत होतो, तेवढ्यात ती माझ्या बोटांतून हलकेच आत ओढली गेली. झटका नव्हता. बोलता बोलता माणूस रिसीव्हर घेऊन खिडकीपाशी जातो, तेव्हा वायर जशी ओढली जाते तशी.

ताण असतो हो तारेला, फिल्टर म्हणाला. मीही हो म्हणालो. मग बराच वेळ मी साबण लावून हात धूत राहिलो.

कापायचं तर बाहेरच्या डबीतूनच, नाहीतर उरलेला तुकडाही त्रास देतो, असं त्याचं म्हणणं पडलं. डबी गंजलेली होती. तीही बदलावी लागणार आणि नवी मिळणार शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे लेक यायचा दिवस, पण तिची गाडी संध्याकाळी होती. दुपारी काम उरकेल आणि ती येईपर्यंत घरात एकच फोन असेल. मला ही वेळ अगदी सोयीची वाटली.

५

शुक्रवारी दार सताड उघडं होतं. फिल्टर जिन्यात स्टुलावर चढून डबीशी खटपट करत होता. बायको स्वयंपाकघरात होती. मी खोलीत मोडेमसमोर, दिवा काय करतो ते सांगायला. मध्येच फिल्टर वाकून विचारायचा, ही तार कापू का, ती सोडवू का. शेवटी मी वैतागून ओरडलो की आता मला विचारत बसू नका, दिसली की कापून टाका.

थोड्या वेळाने दिवा विझला.

"कापली का?" मी हाक मारली.

"अजून नाही," जिन्यातून उत्तर आलं.

मी रिसीव्हर उचलला. पोकळ आवाज, अडखळणारा पंखा. आणि त्या पंख्याखाली आमची लेक बोलत होती.

"...आधीची गाडी मिळाली, म्हटलं तुम्हाला गंमत करावी. आई, खोली कित्ती छान लावलीस गं. पण तू आहेस कुठे? मी आत आले तर नुसता फोन वाजतोय."

"बस," बायकोचा आवाज म्हणाला. "आलेच मी."

बायको खोलीच्या दारात उभी होती. हात पिठाने भरलेले, ओठ मिटलेले. माझा चेहरा बघून ती जवळ आली, आणि मी रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला.

"बाबा कोणावर ओरडतायत?" लेक विचारत होती. "अगदी भिंतीपलीकडून आवाज येतोय."

मी तिला हाक मारली. मला वाटतं, मी आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने ओरडलो नसेन. तिथून बाहेर ये, म्हणालो, आत्ताच्या आत्ता, जिथून आलीस तिथूनच बाहेर ये. ती एवढी गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "इथे दार..."

बारीकसा टक् आवाज झाला. पंखा थांबला. माझ्या कानात डायल टोन वाजायला लागला, स्वच्छ, खरखर नसलेला.

"झालं," फिल्टर जिन्यातून म्हणाला. "दिवा बघा."

दिवा लागला होता. आम्ही दोघं बाहेर धावलो. फिल्टर स्टुलावरून उतरून पकड पुसत होता. दाराबाहेर लेकीच्या चपला होत्या, नेहमीसारखी एक सरळ, एक उलटी. दारातून आत पाऊल टाकलं की जिथे बॅग टेकवावी तिथे तिची बॅग होती, आणि बॅगेत तिचा मोबाइल.

आत्ताच गेल्या की आत, फिल्टर म्हणाला. काय चाललंय म्हणून मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं काही नाही, एका मिनिटाचं काम आहे.

६

पोलीस आले. त्यांनी कपाट काढलं, भिंत ठोकून पाहिली आणि मग फोडलीही. आत विटा होत्या. तारेचा तुकडा एका विटेपर्यंत गेलेला होता आणि तिथे संपत होता. फिल्टरला पुष्कळ दिवस चौकीवर बोलावत होते. त्याने प्रत्येक वेळी तेच सांगितलं: मुलगी आत गेली, बाहेर आली नाही. आमच्याकडेही तेच होतं. मी ऐकलेलं मी एकदा सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, म्हणून पुन्हा सांगितलं नाही.

दिवा या काळात एकदाही गेला नाही. तक्रारीला जागाच नव्हती.

मग बायकोने फिल्टरला बोलावून घेतलं आणि तार पुन्हा जोडायला लावली. तो नको म्हणत होता. तिने त्याचे हात धरले. जोडली, आणि त्याच दुपारी दिवा गेला. ती फोनवर अक्षरशः झेपावली. पलीकडे पंखा होता. कोणी बोलत नव्हतं, पण ठेवतही नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी ती रिसीव्हर घेऊन बसायची आणि बोलायची. घरातलं, शेजारचं, काय शिजवलं ते. आमचा रेडिओ आता ऐकतो फक्त, असं मला एकदा म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही रडलो. तिने माझं टेबल बाहेर काढलं, माळ्यावरून पलंग उतरवला, चादर घातली. मी मोडेम घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती, आवाजही थकला होता. तिला आवरायला हवं हे मला कळत होतं, पण तिच्याकडे दुसरं होतं काय?

एका दुपारी मी चहाला आधण ठेवलं होतं. तिचा आवाज पॅसेजमधून येत होता. मी नेहमीसारखं अर्धवट ऐकत होतो.

"तुझी खोली तयार आहे," ती सांगत होती. "खिडकीपाशी पलंग लावलाय. ये तू."

माझ्या हातातून साणशी पडली. ही वाक्यं मी आधी ऐकली होती, लेकीच्या तोंडून, त्या रविवारी. शब्द न् शब्द तोच, हेलही तोच. मी पॅसेजमध्ये आलो. तार माझ्यासमोर होती, फोडलेल्या भिंतीतून उघडी पडलेली. एक हिसका पुरला असता. मी ती मुठीत धरलीसुद्धा. पण एकदा कापल्यावर काय झालं ते मी ऐकलं होतं. तारेत किंचित ओढ होती, पलीकडून कोणी धरून असल्यासारखी. मी मूठ सोडली.

"बस," बायको फोनमध्ये म्हणाली. "आलेच मी."

मी खोलीत शिरलो तेव्हा रिसीव्हर जागेवर होता. खुर्ची ओढलेली होती. पलंगावर बसल्याचा खळगा होता. तिच्या चपला दाराबाहेर तशाच होत्या, लेकीच्या चपलांना लागून.

७

परवा माझ्या मोबाइलवर कंपनीच्या ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की आमच्या लाइनचा संपर्क रोज दुपारी तुटताना त्यांना दिसतोय, हल्ली तर फार वेळ तुटलेला असतो. लाइनवर एखादा पॅरलल फोन असेल. माणूस पाठवतो, लगेच काढून देईल, म्हणाल्या.

मी नको म्हणालो. माझी काही तक्रार नाही.

त्यांना ते पटेना. मी म्हातारा आहे, मला यातलं कळत नसावं, असं त्यांना वाटलं असेल. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, काका, घरात आणखी कोणी आहे का, ज्यांच्याशी मी बोलू शकेन?

मी मोडेमकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. आतल्या खोलीत फोन आपल्या जागी होता. मी अजून तो उचललेला नाही. शेल्फवर दुसरा फिल्टर तसाच पडून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

"आहेत," मी म्हणालो. "पण आत्ता फोनवर आहेत दोघी."